कॅसेट माझ्या पेटीत

११ जानेवारी १९९५
तीन दिवस! पेटी भरून, नवी साडी नेसून तीन दिवस माहेरच्या ओट्यावर बसून होते. आमच्यात लेक एकटी सासरी जात नाही, न्यायला माणूस यावा लागतो. शेजारची मोतीबाई आईला विचारते, "टाकली का काय गो पोरीला?" शेवटी भावानेच सासरी, बदलापूर गावात आणून सोडलं. आणि नवरा कुठे? माझ्या माहेरच्या वाटेवर, कॅम्प चारच्या बाजारातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये! निघालोच होतो, म्हणे.

नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, पण इथे नावाने लिहिते. जनू, तुला सोडणार नाही.

१५ जानेवारी
टीव्हीला जोडायचा गेमच घरी आणलाय. आता पार्लर बंद, म्हणतो. मी म्हटलं, हे व्यसन आहे.

"मी काय दारू पितो का? शौक हाय नुसता."

शौक! बघतेच.

२ फेब्रुवारी
तो कंपनीत गेला की दुपारी मी शिकते. रणगाड्यांचा खेळ. चौदाव्या लेव्हलची केवढी बढाई त्याची! ती मोडली की कळेल, नाक कापलं जाणं काय असतं.

१९ फेब्रुवारी
एकवीस! त्याच्या डोळ्यांदेखत. मेला चिडलाच नाही. उलट सासूबाईंना हाक मारून कौतुकाने दाखवलं. माझा नुसता जळफळाट.

२० फेब्रुवारी
बावीस. भात करपला.

५ मार्च
आता खरा डाव. भावाच्या बाळाचं बारसं, म्हणून माहेरी आले. येताना त्या गेमची कॅसेट पेटीत, साड्यांखाली. तडफडू दे. तडफडला की व्यसनच ते — मग बारशाला आला की चारचौघांत त्याची अब्रू काढते.

८ मार्च
सासरच्या शेजाऱ्यांकडे फोन करून सासूबाईंना फोनवर बोलावून घेतलं. जनू मजेत आहे म्हणाल्या. कामावरून येतो, कौलं चाळतो, जेवून झोपतो. कॅसेटचं नावही काढलं नाही! सोंग. नक्की सोंग.

इथे मात्र माझाच जीव रमत नाही. कॅसेट काढून नुसती हातात धरते. आई बोलते ते ऐकूच येत नाही.

९ मार्च
बाळाला झबली आणायला कॅम्प चारला गेले. म्हटलं, ज्या पार्लरपायी माझी शोभा झाली ते एकदा बघू तरी. एकच डाव खेळले. मग आणखी थोडे. झबली राहिली.

१२ मार्च
बारसं आज सकाळी अकरा वाजता होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. साडेनवाला पेढे आणते म्हणून निघाले. परतले तेव्हा दिवेलागण झाली होती.

माझी वाट बघून बघून शेवटी मोतीबाईला पाळण्याशी उभं केलं. जनू वेळेवर आला होता.

बाळाचं नाव काय ठेवलं, ते अजून कुणाला विचारलेलं नाही.