आलेखातला चढ

३ डिसेंबर
पुन्हा तेच! यशश्री न जेवताच उठली. नातीचं पीएचडीचं हे चौथं वर्ष, आणि तिचे शालिग्राम सर म्हणतात, "तो चढ खोटा आहे. तारा नीट चिकटल्या नाहीत. पुन्हा चिकटव, मग बोलू."

तिचा विषय मला माझ्यापुरता कळतो. तांबं नि ऑक्सिजनचा काळा स्फटिक, तांदळाच्या कणीएवढा. त्यातला तांब्याचा एकेक अणू म्हणजे इवलं चुंबक. थंड करत नेलं की ती सगळी शिस्तीत येतात — एकाचं तोंड वर, शेजाऱ्याचं खाली. मग विजेला एका थरातून दुसऱ्यात जायला वाट राहत नाही. स्फटिकाला चिकटवलेल्या बारीक तारांतून मोजलेला रोध एकदम चढतो. तोच चढ हिच्या आलेखात आलाय!

मला आमचा पाचवीचा वर्ग आठवला. कवितेच्या तासाआधी बाकांवर नुसता धुडगूस. गुरुजींचं पाऊल वाजलं की सगळे ताठ — मग साधी चिठ्ठीसुद्धा पुढच्या बाकावर सरकत नसे.

५ डिसेंबर
सकाळी ग्वारीघाटावर बसलो. धुक्यात नर्मदा दिसेना. शाळेतल्या कविता म्हणत राहिलो. त्यांत कुणी माघार घेतलेली मला आठवत नाही.

घरी येऊन यशश्रीला तेच सांगितलं. इंदूरच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या चुंबकात स्फटिक ठेवला तर चढ खरा की खोटा ते कळेल म्हणते; पण सर पाठवत नाहीत, आधी तारा! मी म्हटलं, सर शोध दाबून राहिले असा सरळ वर, विद्यापीठाकडे अर्ज कर.

तिचा बाप खवळला. "बाबा, तिला काहून भडकवून राहिले? दोन दिवसांचं काम आहे, चिकटवू द्या ना तारा."

आलोक, तू नुसती नोकरी केलीस, म्हणालो. लागलं त्याला.

६ डिसेंबर
अर्ज दिला. भाषा माझी. शेवटचं वाक्य तर झकास साधलं!

१९ डिसेंबर
सरांनी तिला सोडलं. दुसरं कुणी घ्यायला तयार नाही — "कल को हमारी भी शिकायत करेगी," म्हणतात म्हणे. मार्गदर्शक नाही तर पीएचडी नाही. चार वर्षं!

आलोक माझ्याशी बोलत नाही. ती मात्र म्हणाली, इंदूरवाल्यांना स्वतःच लिहिलं होतं, जानेवारीत एक दिवस दिलाय. चढ खरा निघाला की सरांनाच मला परत बोलवावं लागेल.

३ जानेवारी
ती इंदूरला गेली. स्टेशनवर आलोक गेला सोडायला. मला कुणी चला म्हटलं नाही.

५ जानेवारी
दुपारी फोन आला. तिथल्या लोकांनी आधी तारा नव्यानं चिकटवल्या. चढ गेला. तिच्या स्फटिकात ती शिस्त नव्हतीच. चुंबकापर्यंत जायचं कामच पडलं नाही.

माझ्याशी मोडकी का होईना, मराठीच बोलते पोर. आज हिंदीत बोलली — "आजोबा, आप तो कह देते, रुक जा थोड़ा."