जळगावची तारीख

चिंचवड,
फेब्रुवारी १९५७

प्रिय शालन,

बाळाचं बारसं झाल्याचं आईच्या पत्रातून कळलं. तू कळवलं नाहीस, त्याचा राग नाही. काय लिहावं तुला सुचलं नसेल. मलाही वर्षभर सुचलं नाही.

यांनी तळेगावच्या साप्ताहिकात कारखान्याच्या मालकांविरुद्ध लिहिलं, एवढंच तुला ठाऊक असेल. काय पाहून लिहिलं ते कुणी सांगितलं नसेल. पिंपरीच्या कारखान्यात माल भराभर निघावा म्हणून पत्रा कापायच्या प्रेसवरच्या, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या जाळ्या काढून टाकल्या. तेव्हापासून माणसं हात फडक्यात गुंडाळून आमच्या दवाखान्यात यायला लागली. हे टाके घालायचे, मी पाण्याचं भांडं धरायची. कोंडाजी म्हणून इथलाच शेतकरी, कारखान्यात कामाला लागलेला. उजव्या हाताची बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "बाई, आता बैलांचा कासरा कसा धरू?"

मालकांनी पुण्यात बेअब्रूची फिर्याद केली. कोंडाजी साक्षीला उभा राहतोय म्हटल्यावर ती काढून घेतली. आम्हाला वाटलं, सुटलो. मग इंदूरहून समन्स आलं, नागपूरहून आलं, शेवटी तुमच्या जळगावहून. जिथे मालकांची पेढी, तिथे फिर्याद. हे हजर झाले की त्यांचे वकील पुढची तारीख मागायचे. नाही गेले तर वॉरंट. दवाखान्याला सारखं कुलूप. कोंडाजी ओशाळून म्हणाला, "डाक्टर, खरं हाय ते कुटंबी सांगीन. पन इंदूरला आलो तर माज्या भावाला कामावरनं काडत्याल."

जळगावच्या कागदांत तुझ्या यजमानांचं, उद्धवरावांचं नाव होतं. लेख आपण जळगावात वाचला आणि मालकांविषयीचं आपलं मत वाईट झालं, अशी त्यांची साक्ष; लेख तिथे वाचला गेला असं दाखवल्याशिवाय तिथे फिर्याद चालली नसती. शालन, ते साप्ताहिक लोणावळ्यापलीकडे जात नाही. हे परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही." मालकांच्याच पेढीवरच्या नोकरीत त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, हे मला कळतं. कळूनही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गेल्या महिन्यात यांनी माफीपत्रावर सही केली. फिर्यादी मागे घेतल्या गेल्या. मी अडवलं नाही, माणूस निम्मा झाला होता. माफी छापून आली त्याच दुपारी प्रेसमध्ये हात सापडला म्हणून कारखान्यातून कोंडाजीच्या भावाला उचलून आणलं. यांनीच टाके घातले. कोंडाजी दाराशी उभा होता. तो पुढे आला, डाव्या हातानं पाण्याचं भांडं धरलं, आणि तेच यांना सोसवलं नाही.

म्हणून हे पत्र. आता त्याच साप्ताहिकासाठी मी लिहिलं आहे, माझ्या नावानं. जाळ्यांचं, मी धुतलेल्या हातांचं, आणि माफी कशी मिळवली त्याचंही. संपादक आधी कचरले, मग छापतो म्हणाले. यांनी सगळं वाचलं, एक शब्द खोडला नाही. फक्त विचारलं, "जळगावला एकटी जाशील?" जाईन. समन्स माझ्या नावानं निघेल आणि उद्धवरावांना पुन्हा साक्षीला उभं करतील. काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, मी तुला गळ घालणार नाही. मात्र तारखेला आले की उतरेन तुझ्याच घरी. बाळाला मांडीवर घेईन, तुझ्या हातचं जेवेन, आणि मग उद्धवराव आणि मी एकाच टांग्यातून कोर्टात जाऊ.

तुझीच,
इंदूताई