एक किलोमीटरचे अचूक वर्तुळ

३ फेब्रुवारी
झरी रस्त्यावरच्या सितारामच्या पोल्ट्रीतील कोंबड्या बर्ड फ्लूनेच मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. टीव्हीवर पशुवैद्य नागनाथ, आमचा वर्गमित्र. पांढरा पीपीई किट, गॉगल. म्हणे, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, माणसालाही लागण होऊ शकते. माहिती बरोबर, वाक्यरचना सुमार. शाळेत भूगोल याला मी शिकवला. हा मत्सर नव्हे. निरीक्षण.

४ फेब्रुवारी
संकल्प : नागनाथचा विषय बंद.
रात्री जेवताना धम्मशीला म्हणाली, ‘नागनाथभावजी किटमधी लय उठून दिसायलेत.’ पीएच.डी. झालेल्या माणसाच्या पत्नीने हे बोलावे!

५ फेब्रुवारी
बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील सर्व कोंबड्या मारणार. नागनाथचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. केंद्रबिंदू पोल्ट्रीच्या फाटकावर! पहिली कोंबडी मेली ती मागच्या शेडमध्ये. अशा चुकीवर मी विद्यार्थी नापास केले आहेत. उद्या बैठकीत बोलणार. केवळ विज्ञानासाठी.

६ फेब्रुवारी
बैठक गाजवली. नागनाथ कानाशी लागला, ‘तात्या, फाटकच धरतेत रे. मागून मोजलं तर वहिनीच्या कोंबड्या आत येतेत.’ हरलेल्याचा युक्तिवाद. तहसीलदारांसमोर नवे वर्तुळ मी स्वतः काढले. टाळ्या. घरी आल्यावर पडताळले : रेषा आमच्या परसातून जाते. खुराडे आत, माझी अभ्यासिका बाहेर.

७ फेब्रुवारी, सकाळ
नागनाथला फोन. मुद्दा तांत्रिक मांडला : पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते, जमिनीवर ती बरीच भरते. तो म्हणाला, ‘रेष तुझीच हाय रे.’
धम्मशीला खुराड्यापाशी बसून आहे. ‘तांबडी अंड्यावर बसलीय. नकाशात दिसलं न्हाई का तुमाला?’
अभ्यासिकेत गेलो. प्रश्न अशास्त्रीय होता.

८ फेब्रुवारी
नागनाथ स्वतः आला. धम्मशीलेला आत पाठवले आणि तांबडीला आपल्या हाताने उचलले. गॉगलआड भावजी रडत होते, खिडकीतून दिसले, असे ती सांगते. गॉगलवर वाफ धरते. एवढेच.

१० फेब्रुवारी
कोंबड्या हाताळलेल्यांच्या तब्येतीवर आरोग्य खात्याचे लक्ष आहे. नागनाथची रोज चौकशी होते. माझाही घसा सकाळपासून किंचित खवखवतो; वार्ताहरांसाठी निवेदन तयार ठेवले.
आरोग्यसेविका आली. धम्मशीलेचा ताप पाहिला. मी बाह्या सावरून पुढे झालो. तेवढ्यात धम्मशीला म्हणाली, ‘त्यांला सोडा बाई. त्यांनी कोंबडीला कधी हात लावला न्हाई. नुसती रेष वढली.’
थर्मामीटर पिशवीत गेले.