‘नु’ची शंभर गाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

गानमंडळाची मीटिंग. मंडळाला तीस वर्षं झाली म्हणून गाण्यांची यादी छापायची ठरली. प्रत्येकाला एक अक्षर. त्या अक्षराने नाव सुरू होणारी सगळी गाणी शोधायची, आणि १४ डिसेंबरच्या वर्षअखेरच्या जेवणाला त्यातलं एक स्टेजवर म्हणायचं. ज्याचं काम उत्तम, तो नवा अध्यक्ष. नाराओका सेन्सेई चौऱ्याऐंशीचे झाले, त्यांना आता टाळ्यासुद्धा ऐकू येत नाहीत.

अध्यक्षाला सगळे ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. मी छत्तीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले, मला लोक ‘पाणीवाले’ म्हणाले. हे पद मला हवंच.

कागदावर शिडीसारख्या रेघा ओढून सोडत काढली. मला ‘नु’ आलं. ओरिकासा न्हावी फिदीफिदी हसला. म्हणाला, तोकिवा सान, अख्ख्या जपानात ‘नु’ची चार गाणी निघाली तरी मिळवलीत! त्याला ‘आ’ आलंय. ‘आ’ काय, माणूस जांभई देतो तेव्हाही निघतो. अवघड अक्षर अभ्यासू माणसाकडेच येणार, सोडतीलाही तेवढं कळतं.

वर मी एक ठराव पास करून घेतला: फक्त शोवा काळातली, म्हणजे १९८९ पूर्वीची जुनी गाणी. ओरिकासाची नात मोबाइलमधून हल्लीचा कचरा भरून देणार होती. बसली चपराक.

संकल्प: रोज पहाटे पाच. महिनाअखेर शंभर गाणी.

५ नोव्हेंबर, बुधवार

जाग ८.२०. पहाटेचा अभ्यास पाठांतर करणाऱ्यांना ठीक. उद्यापासून सहा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी १०.४०

अभ्यासाला बसलो आणि हीटरच्या रॉकेलची गाडी आली. हिवाळाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीच धून कोकलत येते. मी शाळेत होतो तेव्हापासून तीच. या गावात नवं काही सुचतच नाही कुणाला. बायको, फुसाए, म्हणाली, अहो, जरा डबा नेता का, माझं मनगट दुखतंय. म्हटलं, इथे डोकं चाललंय. मग तीच लाल डबा घेऊन गेली. अठरा लिटरचा तर आहे.

बायकोचं नशीब बघा, मंडळाच्या सोडतीत तिला ‘का’ आलंय. काहीही न करता भरेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लायब्ररीत दिवसभर. ‘नु’ची गाणी अशी:

‘नुरे-वाराजी’, म्हणजे भिजलेल्या गवती चपला.
‘नुमा नो वाताशी’, तळ्यावरचा नावाडी.
‘नुइको नो योरु’, शिवणकाम करणाऱ्या बाईची रात्र. ऐकवत नाही.
‘नुरिगुसुरी’. हे मलमाच्या जाहिरातीचं आहे, पण गाणं ते गाणंच.

एकूण चार. ओरिकासाला आकडा कुणी फोडला?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ओरिकासाची ६१२ झाली. ढीग आहे नुसता. फुसाएची ३८०. ही बाई लायब्ररीची पायरी चढलेली नाही. सार्वजनिक न्हाणीघरात जाते, पाठ चोळता चोळता म्हाताऱ्यांना विचारते, तुमची आई काय गुणगुणायची हो? आणि घरी येऊन लिहिते. याला काय संशोधन म्हणायचं! वर मला म्हणाली, स्टेजवर आपण दोघं मिळून एखादं म्हणू या का, लग्नानंतर एकदाही म्हटलं नाही. म्हटलं, अध्यक्षपदाचा प्रश्न आहे, पोरखेळ नको.

तिचा चेहरा जरा उतरला. असो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

घडलं! आंघोळीच्या टबात बसलो असताना एक धून आपोआप ओठांवर आली. जुनी, फार जुनी. लहानपणी ऐकलेली. डोळ्यांसमोर आई, थंडी, उघडं दार. शब्द एकच आठवला: ‘नुकुइ’. उबदार! ‘नु’! टबातून तसाच बाहेर आलो. फुसाए म्हणाली, आधी टॉवेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाण्याचं नाव ‘नुकुइ माडो’, उबदार खिडकी. तीन कडवी. जे शब्द आठवले नाहीत ते मी स्वतःच आठवून घेतले. साल शोवा २९, म्हणजे १९५४ असावं. गायिका उराकामी तोमोए. हे नाव आपोआप सुचलं, म्हणजे खरंच असणार. रेकॉर्ड सापडत नाही, अर्थात. दुर्मिळ गोष्टी सापडत नाहीतच.

गाडीने लिहिताना पुन्हा व्यत्यय आणला. तिसरं कडवं मात्र नेमकं तेव्हाच सुचलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळात गाऊन दाखवलं. नाराओका सेन्सेईंनी कानाचं मशीन वाढवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, अहाहा, किती वर्षांनी! म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. ओरिकासासुद्धा म्हणाला, हे लागलं की आमची आई हातातलं काम टाकून बाहेर धावायची. बघा, बायका रेडिओच्या दुकानापर्यंत धावत, एवढं ते गाजलेलं होतं. हे वहीत पुरावा म्हणून नोंदवलंय.

शंभराचा हट्ट सोडला. ढिगापेक्षा एक रत्न बरं.

परतताना फुसाए म्हणाली, अहो, ती धून ना, ती आपल्या... मी हात वर करून थांबवलं. ३८० वालीने पाचवाल्याला शिकवू नये.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिस जोरात. मी गायला लागलो की फुसाए कोंड्यात मुरवलेल्या लोणच्याचा बुधला उचलून शेजारी ठेवायला नेते. बेसूर गाण्याने लोणचं नासतं म्हणे. अडाणी समजूत. आणि बेसूर गाण्याचा इथे संबंधच काय?

मनगट दुखतंय म्हणते आणि बुधला बरा उचलवतो.

गाडी येऊन गेली. मी दुसऱ्या कडव्यात होतो. डबा न्यायचा राहिला. फुसाए म्हणाली, तुम्ही एवढ्या मोठ्याने गात होता की खरी गाडी आलेली मला कळलीच नाही. काय बोलते तिचं तिला माहीत. दोन स्वेटर घालून बसलोय.

९ डिसेंबर, मंगळवार

अध्यक्षपदाचं भाषण तयार. दोनदा ‘मी या मानाला पात्र नाही’ घातलंय. आरशासमोर म्हटलं. पात्र वाटलो.

फुसाएने पुन्हा विषय काढला. म्हणाली, स्टेजवर जाण्याआधी एकदा माझं ऐका, एवढंच मागते. म्हटलं, रविवारी सगळं ऐकतो. निवडणूक होऊ दे.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. लिहितोय.

दुपारी हॉल भरलेला. ओरिकासा गायला. परीक्षकाच्या घंटेचं एकदाच टण् झालं, म्हणजे खाली उतरा; पुष्कळदा वाजली तर पास. मला बरं वाटलं. मग मी. शोवा २९, उराकामी तोमोए, हरवलेलं रत्न, सगळं सांगितलं आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला माना डोलल्या. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उठून दाराशी बूट शोधायला लागल्या. मला वाटलं, रडू आवरेना म्हणून निघाल्या. कडवं संपता संपता नाराओका सेन्सेई खुर्चीवरून उठले आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात घरीच असल्यासारखे ओरडले, अगं डबा आण डबा, रॉकेलवाला आलाय!

मग ओरिकासा टेबलावर हात मारून हसायला लागला. सगळेच हसले. कुणीतरी ‘रॉकेल, रॉकेऽल’ सुरू केलं, आणि अख्ख्या हॉलने माझ्या चालीवर, म्हणजे गाडीच्या चालीवर, ताल धरला. घंटा वाजवणाराही हसत होता, त्याने घंटा वाजवलीच नाही. नापास झालो असतो तर निदान उतरता आलं असतं. मी तीनही कडवी म्हटली. का, ते माहीत नाही. फार लाज वाटली.

मग फुसाए आली. न्हाणीघरातल्या बायकांनी दिलेलं एक अंगाईगीत तिने म्हटलं. साधंच. दुसऱ्या ओळीपासून बायका तिच्याबरोबर गायला लागल्या, काही डोळे पुसत. घंटा वाजतच राहिल्या. अध्यक्षपदी एकमताने फुसाए. त्या एकमतात माझा हातही होता, सगळ्यात शेवटी वर गेलेला.

घरी येताना म्हटलं, तुला माहीत होतं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून, टबातून आलात तेव्हापासून. मग म्हणाली, सांगू देत होतात कुठे तुम्ही.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी फोन. कुणीतरी विचारलं, सेन्सेई आहेत का? हो म्हणालो. त्यांना फुसाए हवी होती.

ती यादी छापायला पाठवत होती. विचारलं, ‘नु’खाली किती लिहू? पाचवं लिहायचं असेल तर लिहिते, खाली तुमचं नाव घालून. म्हटलं, चार लिही.

बुधला शेजारून परत आणलाय तिने.

१०.४० ला गाडी आली. आज न सांगताच मी डबा उचलला. रांगेत पुढे ओरिकासा होता, धुनीबरोबर गुणगुणत. नीट ऐकलं तर रॉकेल-रॉकेल नव्हतं, माझं दुसरं कडवं होतं. तिसरी ओळ चुकत होता. सांगणार होतो.

डबा भरल्यावर फारच जड लागतो. घरापर्यंत तीनदा खाली ठेवावा लागला.