घरीच रा

१२ जानेवारी
काळी खिडकी आज परत अक्षरांवर येऊन बसली. बरोबर ह्यांच्या बोलण्याच्या मध्ये. मी खाली क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवत होते. वर आले तर हे तसेच पडलेले, डोळ्यांतून पाणी. रडत होते की नुसते डोळे चुरचुरत होते, कळायला मार्ग नाही.
लॅपटॉपवर दोन प्रोग्रॅम. एक अक्षरांचा पाट. त्यावरून उजेड सरकत जातो, हवं ते अक्षर आलं की हे अंगठ्याखालचं बटण दाबतात, वाक्य झालं की लॅपटॉप मोठ्यानं बोलतो. दुसरा प्रोग्रॅम बटणाकडे लक्ष ठेवतो आणि दाबलेलं अक्षर जोडतो, तो त्या काळ्या खिडकीत. हाच मेला मधेच मरतो. आणि मेला की खिडकी छातीवर बसल्यासारखी पुढे येते. ती बाजूला सारायला ह्यांचा हात कुठला हलतोय! एक अंगठा आणि डोळे, एवढंच ठेवलंय आजारानं.
मंठ्याच्या मोंढ्यात धान्याची हर्राशी बोलायचे हे. तुरीचा भाव पुकारला तर पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

१४ जाने.
सापडलं! एक छोटंसं फुकट साधन आहे. दिलेल्या प्रोग्रॅमची खिडकी लपवून ठेवतं आणि तो मेला की सगळं आपोआप नव्यानं उठवतं. बसवलं. मुद्दाम काळ्याला मारून बघितलं. पापणी लवायच्या आत दोन्ही प्रोग्रॅम उठून उभे. खिडकी कुठं दिसायला नाही.
ह्यांचं पहिलं वाक्य: "बेस झालं. च्या टाक." ते बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. खूप दिवसांनी पोट धरून हसले. च्या टाकला. चमच्यानं पाजला, ठसका लागला, तरी खूश.

२३ जाने.
बोलणं कमी झालंय. "पानी", "कड बदल", "टीव्ही बंद". बस. लांबलचक बोलणारा माणूस, आणि हे असं? लॅपटॉप व्यवस्थित चालू दिसतो. उजेड सरकतोय, अंगठा पण दाबतात. बोलत मात्र काही नाहीत.

२८ जाने.
मोठे भाऊजी आले हसनाबादहून. ह्यांचे थोरले. दिवसभर उशाशी बसले. जाताना जिन्यात थांबले.
"रेखा, त्यानं बोलणंच सोडलं का गं? मी आल्तो तव्हापून नुसता टकाटका बघून राह्यला."
"माझ्याशी पण नाही बोलत."
"मंग मन मेलं त्याचं."
ते गेल्यावर मी ओरडले ह्यांच्यावर. एवढं मर मर मरते, दोन शब्द जड झाले का म्हणून. हलता न येणाऱ्या माणसावर ओरडले. अंगठा बटणावर टकटक करत राहिला. मी ताडकन खाली निघून गेले.

२ फेब्रु.
संभाजीनगरला नेऊन आणलं. छाती दमलीय. डॉक्टर म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून नळी, मग श्वासाचं मशीन, कायमचं. मुक्काम दवाखान्यात, घरी कधी ते सांगता येणार नाही. नाही लावलं तर... ते वाक्य त्यांनी पण पूर्ण केलं नाही. "निर्णय पेशंटचा. त्यांच्याकडून आला पाहिजे आणि लवकर आला पाहिजे."
मोठे भाऊजी लगेच, "लावा मशीन. श्वास हाय तवर मानूस हाय." मला पण तेच हवंय. तेच, तेच, तेच.

३ फेब्रु.
पूर्वी डोळे मिटले की हो. आता पापण्या आपोआपच मिटतात. भाऊजींनी विचारलं, "लावायची ना रे?" मिटले. मी उलटं विचारलं, "नको ना?" मिटले. ह्याला काय उत्तर म्हणायचं?

४ फेब्रु.
विचारलं सरळ. हो किंवा नाही, एका शब्दात सांगा. लॅपटॉप बोलला, "ऐक आधी." म्हणजे भाषण! एका शब्दात उरकणारा माणूसच नव्हे हा. जीव भांड्यात पडला, बोलताहेत तरी.
लाळ पुसायला म्हणून ह्यांच्या बाजूला जाऊन बसले, म्हणून पडदा समोर आला. "मी घरीच रा" एवढं उमटलं. पुढचं अक्षर जोडलं, आणि पाट कोरा.
परत "मी" पासून सुरुवात. परत "घरीच रा". परत कोरा.
पडत होतं सगळं. मरून उठत होतं, गुपचूप, मी शिकवलं तसं. हे थांबले पण नाहीत, इतकी सवय झालेली. देवा, किती दिवस? त्या दिवशी मी ओरडत होते तेव्हा पण हे लिहीतच होते.

५ फेब्रु.
लपवलेली खिडकी बाहेर काढली. ह ला य जोडला की लाल ओळ येते आणि खेळ खलास. मी "बाह्य" लिहिलं, पडलं. "ह्यांना" लिहिलं, पडलं. नवऱ्याला बायको दुसरं काय म्हणते? "करतोय" लिहिलं, ठणठणीत.
करून राह्यलो, बसून राह्यलो, दमून राह्यलो. ह्यांचं बोलणं दुसरं आहे का! ज्यानं प्रोग्रॅम केला त्याच्या गावात असं कुणी बोलत नसणार. त्याला मेल टाकली. उत्तर नाही. मला टायपिंग शिकवता येतं, प्रोग्रॅम दुरुस्त करता येत नाही.

६ फेब्रु.
भांडी घासताना सुचलं. राह्यचं नको, राहायचं. पुस्तकातलं. ह ला काना, मग य सुटा. लिहून पाहिलं. पडत नाही.
सांगितलं नाही त्यांना.
"मी घरीच राह्यचं म्हणतो." असं असेल तर नळी नको, मशीन नको, आणि मग थोडेच दिवस. किंवा "मी घरीच राह्यलो तर रेखाचं कसं होईल?" हे पण ह्यांचंच वाक्य वाटतं, अगदी ह्यांच्या तोंडातलं. म्हणजे दवाखाना, मशीन, पण श्वास चालू. मला हे दुसरं हवंय. पाट पडतोय तोवर दुसरं खोटं ठरत नाही.
भाऊजींचा फोन. "काय म्हनला त्यो?" म्हटलं, लॅपटॉप बिघडलाय.

८ फेब्रु.
सकाळी ओठ निळे. पाठ थोपटून, तोंडातला कफ ओढून कसंबसं निभावलं. डॉक्टरांचा फोन, ठरलं का? म्हटलं, विचारतेय.
दुपारी लॅपटॉप बोलला. "रेखा. तूच कर नीट. तुला जमतं."
बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

९ फेब्रु.
सांगून टाकलं. नाहीतर मीच त्यांचं तोंड दाबून धरलंय असं झालं असतं. काळी खिडकी एका कोपऱ्यात उघडीच ठेवली. म्हटलं, "राह्यचं लिहू नका. रा, मग ह ला काना, मग य वेगळा."
"असं कोन बोलतं", लॅपटॉप.
"कुणी नाही. तरी लिहा."
अंगठा हलला. मी. घरीच. रा. हा. मी श्वास धरून बसले. य. उभं राहिलं! पडलं नाही.
आणि तिथं अंगठा थकला. डोळे मिटले, झोप लागली. श्वास चालू आहे, छातीवर हात ठेवून बघितलं.
पडद्यावर "मी घरीच राहाय" असं आहे. पुढे च आला तर राहायचं. ल आला तर राहायलो, मग तर, मग माझं नाव. उजेड अजून फिरतोय, च वरून जातो, ल वरून जातो. बटण माझ्या हाताच्या अंतरावर आहे. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, आता लिहिण्यापुरता एक काढलाय. उठले की सांगतील.