गळ्याशी पांढरं कडं

शुक्रवार, ता. १४ डिसेंबर

ती. वन्सं यांस साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. मागचं मनातून काढून टाका आणि महिनाअखेरच्या आत इकडे राहायला या. कपडे जरा जास्तच आणा.

तुमच्या भावाची दृष्टी गेल्यापासून खाडीवरच्या हंसांची मोजदाद माझ्याकडे आली. गच्चीतून मोजते, त्यांना सांगते, त्यांच्या वहीत लिहिते. पहिल्यांदा बदकं म्हटलं तर म्हणाले, "मॅट्रिक झालीस ना? हंस आहेत ते!" तीस वर्षं त्यांना एकच आस. याच हंसांची एक दुर्मीळ उपजात असते. अंगानं लहान, गळ्याच्या बुडाशी पांढरं कडं. थव्यात एखादा तरी दिसावा.

गेल्या महिन्यात त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून. शेवटी मी खोटं बोलले. "अहो, कडंवाला आलाय!" खरं वाटावं म्हणून वर जोडलं, डाव्या पायानं लंगडतोय. ताडकन उठून बसले. पोटभर जेवले. म्हटलं, एवढ्याची देव क्षमा करील.

चौथ्या दिवशी पक्षी बघणारे मास्तर फोटो घेऊन आले. "वहिनी, नजर आहे हो तुमची!" फोटोत पांढरं कडं. डावा पाय लंगडा.

घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तुम्हीच मला शिकवलंत. खात्री करायला मी मुद्दाम म्हटलं, कडंवाला थवा सोडून आपल्या कुंपणाशी आलाय. संध्याकाळी होता.

तेव्हापासून शब्द तोलून बोलते. तरी मंगळवारी चुकलेच. दूध उतू जात होतं आणि यांचं मागे टुमणं, "एकटाच का आलाय गं? कशाला आलाय?" मी खेकसले, "तुम्हाला न्यायला!"

ते हसले. "महिनाअखेरपर्यंत थांब म्हणावं. वहीतलं पान भरू दे."

बुधवारी तो पायरीवर होता. काल उंबऱ्यावर. दाणे खात नाही, हाकलला तर हलत नाही. यांच्या खोलीकडे मान करून बसतो. यांचं जेवण पुन्हा सुटलं. "उडून गेला" असंही म्हणून पाहिलं, तरी तो तिथंच. न्यायला आलेला रिकामा परत जात नाही.

म्हणून आज सकाळी देवापुढे हात जोडून, घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी चूक झाली. तो यांच्यासाठी नाही आलेला. माझ्यासाठी आलाय."

वन्सं, त्यानं मान वळवली.

दुपारी यांनी आपणहून जेवायला मागितलं. यातलं त्यांना काही बोलू नका. डोळ्यांचे थेंब खिडकीत आहेत. चहा कोमटच लागतो. मोजदाद तुम्ही करा, पण दिसेल तेवढंच सांगा.

तुम्हाला वाकून नमस्कार समक्ष करायचा होता. तो इथूनच करते.

तुमची भावजय