बरणीला श्वास लागतो का

चिरंजीव धाकटीस,

तुझ्या वडील भावाचे, स्वयंपाकघरापासून दोन दारे सोडून, अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, यजमानांचा रक्तदाब आणि तुमच्या गच्चीची गळती ही तिन्ही आटोक्यात आहेत असे गृहीत धरतो. (गृहीतकाविना पत्र पुढे सरकत नाही; ते खोटे असल्यास उलट टपाली कळवावे.) आम्ही दोघे कुशल आहोत. हे विधान लिहिण्याच्या क्षणापुरतेच मर्यादित समजावे.

आईचा लाल मिरचीचा सॉस दर वर्षी या घरी होतो, हे तुला ठाऊकच आहे. पिकलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ वाटायचे, त्यात गेल्या वर्षीचा थोडा सॉस विरजण म्हणून घालायचा आणि बरणीत आंबवत ठेवायचे. आईने पहिल्यांदा केलेल्या सॉसचा अंश अशा रीतीने आजच्या बरणीपर्यंत अखंड चालत आला आहे. विरजण गेले तर मिरच्या मिळतील, लसूण मिळेल, आईची चव मिळणार नाही. यंदा तुझ्या वहिनीचा खांदा आखडल्यामुळे हे काम मी हाती घेतले. ज्याने उभी हयात तर्कशास्त्र शिकवले त्याला मिरची वाटणे जड जाऊ नये, ही माझी प्रतिज्ञा होती. (वाटून झाल्यावर चष्मा काढला आणि त्याच हाताने डोळा पुसला, प्रतिज्ञा तिथे थोडी डळमळली.)

वाद झाला तो झाकणावरून. तुझ्या वहिनीचे म्हणणे, झाकण सैल ठेवा, बरणीला श्वास लागतो. मी शांतपणे दाखवून दिले की श्वास हे सजीवाचे लक्षण आहे, बरणी काचेची आहे, काच निर्जीव आहे. सबब बरणीला श्वास लागत नाही. उलट हवा हेच नासाडीचे कारण, आणि कारण दूर केले की कार्यही टळते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि "बरं" म्हणाली. (लग्नाला इतकी वर्षे झाली, या शब्दाची व्याख्या मला अजून करता आलेली नाही.) मी झाकण आवळले, कडेने मेणबत्तीचे मेण ओतले आणि वरून सुतळीने बांधले. विरजण म्हणशील, तर कारण अधिक तेथे कार्य अधिक, या न्यायाने वाटी खरवडून होते तेवढे सगळे घातले.

आता स्थिती अशी आहे. सपाट झाकण फुगून पालथ्या बशीसारखे झाले आहे. जवळ उभे राहिले तर आत कोणी दबक्या आवाजात निंदा करीत असल्यासारखे ऐकू येते. मधूनच झाकण 'टक्' असे वाजते. मग आम्ही दोघे हातातले काम थांबवून पुढच्या आवाजाची वाट पाहतो. तो आला नाही की जिवाला अधिक घोर लागतो. बरणी हलवावी तर हिसका बसेल, उघडावी तर तोंडावर उडेल, तशीच ठेवावी तर आणखी फुगेल. पर्याय तीन, तिन्ही बाधित. तूर्त मी तिच्यावर जुनी गोधडी पांघरली आहे. तुझ्या वहिनीने शेगडी बाल्कनीत नेली असून मिठाचा डबा आणायचा झाल्यास ती तोंडासमोर स्टीलचे ताट धरून आत जाते. मला हा अतिरेक वाटतो. (मी परात वापरतो. परात मोठी असते.)

काल वरच्या मजल्यावरचे विमा एजंट वाटीभर साखर मागायला आले होते. गोधडीखालून 'टक्' झाले आणि ते रिकामी वाटी घेऊनच परत फिरले. जिन्यातून त्यांनी विचारले, "काका, घराचा विमा आहे ना?" मी नाही म्हटले. "मग आता राहू द्या," ते म्हणाले. एजंटाने आपण होऊन विमा नाकारल्याचे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

शेवटी मी तुझ्या वहिनीला म्हटले, तुझ्या हाताला सवय आहे, तूच उघड. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "वादात जिंकलं कोण?" मी म्हणालो, मी. "मग जिंकलेल्यानं उघडावं. हरलेल्या बाईचा खांदा दुखतोय."

तथापि तू काळजी करू नयेस. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण दोहोंचे साहचर्य आपण वारंवार पाहिलेले असते. फुगलेल्या झाकणावरून स्फोटाचे अनुमान करावे इतके स्फोट या घरात झालेले नाहीत. सबब बरणी फुटणार नाही.

तुझा, अद्याप अविचल,
दादा

ता. क. वरील अनुमान लिहिले त्या क्षणी निर्दोष होते. पाहायला धावलो तेव्हा हे पान हातातच होते; कडेचे लाल डाग शाईचे नाहीत. इजा कोणालाही नाही. गोधडी दिव्याला लटकली आहे. सॉस काचेसकट भिंतीवर आहे, म्हणजे विरजणही तिथेच आहे. तुझ्या वहिनीने ओले फडके माझ्या हातात दिले. ती बोलली असती तर बरे झाले असते.

ता. क. दुसरा. आईच्या आजारपणात तू खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडा सॉस भरून नेलास, हे मला मागाहून कळले होते. त्या कृत्याला मी वाटणीच्या वेळी चारचौघांत एक शब्द वापरला होता. अधिक विचारांती 'चोरी'पेक्षा 'ठेव' ही संज्ञा समर्पक ठरते. ठेव परत मागता येते. चमचाभर पुरे. झाकण सैल ठेवून पाठवावे.

वन्सं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. बाटली पाठवू नका. ती तुमचीच आहे; आईंनी स्वतः भरून दिली तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि हे मी यांना तेव्हाही सांगितलं होतं, पण तेव्हाही वादात हेच जिंकले. विरजण शाबूत आहे. यांनी वाटी खरवडायच्या आधीच निम्मं काढून मी लोण्याच्या डब्यामागे ठेवलंय. एवढ्यात कळू मात्र देऊ नका. आत्ता स्टुलावर चढून भिंत पुसताहेत, आणि मी काहीही सांगितलं की "बरं" म्हणताहेत. पाकीट बंद करते आहे, कोपऱ्यात थोडी फट ठेवून.